चाकांवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे बहुधा कीव करण्यासाठी वापरली जाते. ज्याला धड ठावठिकाणा नाही, आज या गावी तर उद्या त्या गावी ज्याला आपले चंबूगबाळे हलवावे लागते, त्याच्याविषयी ती बोलली जाते. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असे पाठीवरचे बिऱ्हाड हौसेने पत्करणारी लाखो कुटुंबे आहेत. उन्हाळ्याची सुटी लागली, अथवा नोकरीतून निवृत्ती मिळाली, की ही मंडळी आपले स्वयंपाकघर, शेजघर आणि न्हाणीघर चाकांवर घालतात व महिनोगणती रस्त्याला लागतात. अशा सर्वच वाहनांना तिकडे ‘आर. व्ही.’ या दोन अक्षरांनी ओळखतात. त्यांत प्रकार पुष्कळ. काही वाहनांत यंत्र आणि घर एकाच सांगाड्यावर बांधलेले असते. त्यास मोटारघर म्हणता येईल. काही घरांना स्वतःचे यंत्र नसते. ती एखाद्या दणकट मोटारीच्या मागे जोडून ओढीत न्यावी लागतात. त्यांना ट्रेलर म्हणतात. मुक्कामी पोहोचल्यावर ट्रेलर सोडून ठेवावा आणि मोकळी मोटार घेऊन बाजारहाट करावा, ही त्यातील सोय.

मध्यम आकाराचे मोटारघर सुमारे आठ मीटर लांब व अडीच मीटर रुंद असते. एवढ्या जागेत चार माणसांचा संसार बसवायचा, म्हणजे प्रत्येक वस्तूला दोन कामे करावी लागतात. दिवसा जे जेवणाचे मेज, तेच रात्री खाली दाबून त्यावर गादी अंथरली की पलंग होतो. पायऱ्यांच्या पोटात पादत्राणे राहतात, बाकाच्या पोटात पांघरुणे. काही वाहनांची एक भिंत मुक्कामाच्या जागी बाहेर सरकते आणि खोली हातभर मोठी होते. निघताना ती पुन्हा आत ओढून घ्यावी लागते. कपाटांच्या दारांना खिट्ट्या असतात. त्या लावण्यास विसरणाऱ्या गृहिणीची सारी भांडी पहिल्याच वळणावर जमिनीवर येतात.

या घराचे खरे मर्म मात्र त्याच्या तळाशी असते. तेथे पाण्याच्या तीन टाक्या बसविलेल्या असतात. पहिल्या टाकीत पिण्याचे व वापरायचे स्वच्छ पाणी भरून घेतात. भांडी घासण्याचे आणि स्नानाचे सांडपाणी दुसऱ्या टाकीत साठते, तर शौचकूपातील मैला तिसऱ्या टाकीत जातो. गावातील घरात तोटी फिरविली की पाणी येते आणि मोरीत ओतले की ते दिसेनासे होते; ते कोठून आले व कोठे गेले याचा विचार सहसा कोणी करीत नाही. चाकांवरच्या घरात असे चालत नाही. दीडशे लिटर पाणी भरले तर गाडीचे वजन दीडशे किलो वाढते, आणि ते वाहून नेण्यास तेल जळते. म्हणून पाणी मोजून भरावे लागते व मोजून वापरावे लागते. अंग भिजवून नळ बंद करायचा, साबण लावायचा आणि मग पुन्हा क्षणभर नळ सोडायचा, अशी स्नानाची रीत लहान मुलेही चार दिवसांत शिकतात.

साठलेला मैला वाटेत कोठेही सोडणे हा गुन्हा आहे. त्यासाठी छावण्यांमध्ये आणि काही पेट्रोलपंपांजवळ ठराविक जागा केलेल्या असतात. तेथे जाड नळी जोडून टाक्या रिकाम्या करतात. या कामातही एक क्रम आहे. आधी मैल्याची टाकी सोडतात, नंतर सांडपाण्याची. कारण मागून येणारे साबणाचे पाणी नळी आतून धुऊन काढते. हातमोजे घालून हे काम गृहस्थ स्वतः करतो. तेथे नोकराला हाक मारण्याची सोय नाही, आणि त्यात कोणास कमीपणाही वाटत नाही.

चुलीसाठी गॅसच्या टाक्या असतात. जुन्या घडणीच्या पुष्कळ गाड्यांत थंड कपाटही गॅसवरच चालते. ज्योतीने बर्फ व्हावे हे ऐकून नवल वाटेल. पण त्यात जादू काही नाही. ज्योतीच्या उष्णतेने अमोनियाचे द्रावण तापते, त्यातून अमोनिया वायुरूपाने बाहेर पडतो, थंड होऊन द्रवरूप होतो आणि पुढे त्याचे पुन्हा बाष्पीभवन होताना तो कपाटातील उष्णता शोषून घेतो. हा द्रव नळ्यांतून आपल्याच भाराने खाली वाहतो. त्यामुळे गाडी तिरपी उभी केली तर त्याची चाल अडते आणि कपाट बिघडते. म्हणूनच मुक्कामी पोहोचताच चाकांखाली फळ्या सरकवून जमिनीशी समतल साधण्याची धडपड चालू होते. अलीकडे विजेवर चालणारी कपाटे आणि छपरावरच्या सौर तक्त्यांनी भरणाऱ्या विद्युतघटमाला आल्या आहेत, त्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे.

असे घर घेऊन कोठे जावे? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन नावाचे राज्य आहे. तेथे एकाच फेरीत सुपीक शेतीचा मुलूख आणि रम्य समुद्रकिनारा असे दोन्ही पाहावयास मिळतात. पोर्टलंड शहरातून दक्षिणेकडे विलॅमेट नदीच्या खोऱ्याने यूजीनपर्यंत जावे, तेथून पश्चिमेस डोंगर ओलांडून फ्लोरेन्स येथे समुद्र गाठावा, आणि मग किनाऱ्याच्या १०१ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेस अॅस्टोरियापर्यंत यावे. या मार्गाला महाराष्ट्राच्या एका पुत्राच्या पाऊलखुणाही आहेत. त्यांचे वृत्त पुढे येईल.

विलॅमेटचे खोरे सुमारे २४० किलोमीटर लांब आहे. त्याच्या पूर्वेस कॅस्केड पर्वताची हिमाच्छादित शिखरे आणि पश्चिमेस किनाऱ्याची बुटकी डोंगररांग. मधली जमीन सपाट, काळसर आणि खोल आहे. ही माती आली कोठून, याची कथा मोठी विलक्षण आहे. सुमारे पंधरा ते अठरा हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या अखेरीस, शेकडो किलोमीटर दूर माँटाना प्रदेशात बर्फाच्या एका प्रचंड बांधामागे मिझूला नावाचे सरोवर तुंबले होते. बर्फ पाण्यावर तरंगतो हे सर्वांस ठाऊक आहे. सरोवराची पातळी पुरेशी वाढली की हा बांध उचलला जाई, फुटे, आणि सारे सरोवर थोड्याच दिवसांत रिकामे होई. पुन्हा बर्फ साचे, पुन्हा बांध होई, पुन्हा फुटे. असे एकदा नव्हे, अनेक वेळा घडले. कोलंबिया नदीच्या घळीतून धावत आलेले ते पाणी विलॅमेटच्या खोऱ्यात उलटे शिरले व शंभर मीटरांहून अधिक खोल साचले. ते ओसरताना त्याने वरच्या प्रदेशातील गाळ येथे थरावर थर पसरला. त्या पाण्यावर हिमनग तरंगत आले होते, आणि त्यांच्या पोटात अडकलेले मोठमोठे धोंडेही आले. हिमनग वितळले, धोंडे तेथेच बसले. मॅकमिनव्हिल गावापासून थोड्या अंतरावर असा एक भला थोरला धोंडा एका टेकडीवर आजही पाहता येतो. आसपासच्या कोणत्याही खडकाशी त्याचे नाते जुळत नाही.

या मातीत काय पिकते, हे पाहून परक्या प्रवाशास क्षणभर गोंधळ होतो. मैलोगणती शेते दिसतात, पण त्यांत गहू नसतो, मका नसतो. असते ते साधे गवत. हे गवत जनावरांसाठी नव्हे, तर बियांसाठी लावलेले असते. जगभरच्या क्रीडांगणांवर आणि बागांत जे मऊ हिरवे गवत दिसते, त्यातील पुष्कळशा गवताचे बी या खोऱ्यातून जाते. याचे कारण तेथील ऋतुमानात आहे. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस सुरू होतो; तेथे नेमका त्याच सुमारास तो थांबतो. पाऊस हिवाळ्याचा आणि उन्हाळा कोरडा, यामुळे गवत ओलीवर वाढते, आणि जुलैत बी पक्व होते तेव्हा ते भिजविण्यास आकाशात ढग नसतो.

बी काढून घेतल्यावर उरलेला पेंढा शेतकरी पूर्वी शेतातच पेटवून देत. त्याने रोग आणि कीड जळून जात, हे खरे. पण सारे खोरे धुराने कोंदत असे. ३ ऑगस्ट १९८८ रोजी अशा एका आगीचा धूर अॅल्बनी गावाजवळ हमरस्त्यावर उतरला. काही दिसेनासे झाले, मोटारी एकमेकींवर आदळल्या आणि सात माणसे प्राणास मुकली. त्यानंतर निर्बंध वाढत गेले व २००९ च्या कायद्याने खोऱ्यातील बहुतेक शेतांत पेंढा जाळणे बंद झाले. शेतकऱ्यांना प्रथम हे जाचक वाटले. परंतु आज तोच पेंढा दाबून त्याचे गठ्ठे बांधतात आणि जहाजात भरून जपान व कोरिया येथील गुरांसाठी पाठवितात. जे जाळून टाकीत होते त्याला गिऱ्हाईक मिळाले.

गवताच्या शेतांमधून हेझलनटच्या बागा लागतात. अमेरिकेत पिकणारे जवळजवळ सर्व हेझलनट याच राज्यात होतात. हे फळ झाडावरून तोडीत नाहीत. शरद ऋतूत ते आपोआप गळून पडते. म्हणून बागेतील जमीन अंगणासारखी सपाट व स्वच्छ राखतात आणि यंत्राने फळे झाडून गोळा करतात. काही दशकांपूर्वी एका बुरशीजन्य रोगाने या बागा धोक्यात आणल्या. फांद्या वाळत आणि काही वर्षांत सबंध झाड मरे. कॉर्व्हॅलिस येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी रोगाला दाद न देणाऱ्या जाती संकराने तयार केल्या, आणि आज रस्त्याच्या कडेला दिसणारी पुष्कळशी तरुण झाडे त्या जातींची आहेत.

शेतांच्या तोंडाशी लाकडी मांडव दिसतात. त्यांत टोपल्यांतून बेरी, मक्याची कणसे, भोपळे मांडलेले असतात. पुष्कळदा विकणारा कोणी नसतो. भाव लिहिलेली पाटी आणि पैसे टाकण्याची पेटी एवढेच असते. काही शेतकरी आपल्या खळ्याजवळ रात्रभर मोटारघर उभे करू देतात. त्यासाठी भाडे घेत नाहीत, मात्र पाहुण्याने शेतमालातले काही विकत घ्यावे अशी अपेक्षा असते. पहाटे यंत्राच्या घरघरीने जाग येते, तेव्हा शहरातील मुलांना कळते की शेतकऱ्याचा दिवस आपल्या आधी सुरू होतो.

या खोऱ्यात चाकांवरची घरे आज नव्याने येत आहेत असे मात्र नाही. १८४३ साली सुमारे एक हजार माणसे बैलगाड्यांवर कापडी छत ताणून मिझूरी राज्यातून निघाली आणि जवळजवळ सव्वातीन हजार किलोमीटर चालून या प्रदेशात आली. पुढील वर्षांत त्यांच्यामागून हजारो आली. गाडीची पेटी सुमारे सव्वा मीटर रुंद आणि तीन मीटर लांब. तीत पीठ, खारवलेले मांस, अवजारे, बियाणे आणि आजारी माणसे. धडधाकट माणसे बहुतेक वाट पायीच चालली. वाटेत पटकीने पुष्कळ दगावले. या लोकांच्या धैर्याचे गोडवे ऑरेगनमध्ये पिढ्यान्पिढ्या गाइले गेले, आणि ते धैर्य खरेच होते. परंतु ज्या भूमीवर ते आले ती ओसाड नव्हती. तेथे कालापूया लोकांची वस्ती होती. कॅमास नावाच्या निळ्या फुलांच्या रोपाचे कंद हे त्यांचे मुख्य अन्न. माळ मोकळा राहावा म्हणून ते दर वर्षी गवत पेटवीत. गोऱ्या व्यापाऱ्यांबरोबर आलेल्या रोगांच्या साथीने १८३० नंतरच्या काही वर्षांतच त्यांच्यातील बहुतेक लोक मरण पावले. १८५० च्या कायद्याने नव्या वसाहतवाल्या प्रत्येक गोऱ्या पुरुषास ३२० एकर आणि तो विवाहित असल्यास दोघांना मिळून ६४० एकर जमीन देऊ केली. ती कोणाची होती, हे विचारण्याच्या आधीच ती वाटली गेली. उरलेल्या कालापूया लोकांना १८५६ मध्ये ग्रँड राँड येथील राखीव प्रदेशात नेण्यात आले. तेथे त्यांचे वंशज आजही राहतात. खोऱ्यातून समुद्राकडे जाणारा एक रस्ता त्या प्रदेशातूनच जातो. सुटीची गर्दी तेथून वेगाने निघून जाते.

कॉर्व्हॅलिसला पोहोचल्यावर मराठी वाचकाने थोडे थांबावे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे या शतकापूर्वीच्या तरुणाने देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढण्याच्या ध्यासाने अमेरिका गाठली होती, आणि तेथील कृषिमहाविद्यालयात काही काळ शेतीचे शिक्षण घेतले होते. ज्या संस्थेने पुढे हेझलनटच्या नव्या जाती काढल्या तीच ही संस्था, आज ती विद्यापीठ झाली आहे. एका हाती शेतीशास्त्राचे पुस्तक आणि मनात क्रांतीची योजना, असे त्यांचे जीवन होते. पुढे ते मेक्सिकोत स्थायिक झाले आणि मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी मोठे काम केले. तेथील थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात त्यांची आकृती रेखाटली आहे. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९६७ मध्ये नागपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

यूजीनहून पश्चिमेकडे वळले की रस्ता देवदारासारख्या उंच सूचिपर्णी वृक्षांच्या दाट अरण्यात शिरतो. वळणे नागमोडी, गाडी जड. अशा वेळी चालकाने एक शिष्टाचार पाळायचा असतो. मागे मोटारींची रांग लागली, तर रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या रुंद जागी गाडी घेऊन सर्वांना पुढे जाऊ द्यायचे. सुमारे शंभर किलोमीटर गेल्यावर हवा एकाएकी गार होते, खारट वास येतो, आणि फ्लोरेन्स गावापाशी समुद्र दिसतो.

येथून दक्षिणेस चाळीस मैल वाळूच्या टेकड्या पसरल्या आहेत. उत्तरेचा मार्ग मात्र कड्यांवरून जातो. हेसीटाच्या भूशिरावर १८९४ पासून दीपगृह आहे. त्यापुढे पर्पेचुआ भूशिर समुद्रापासून सुमारे अडीचशे मीटर उंच उठले आहे. कॅप्टन कुक या इंग्रज दर्यावर्दीने १७७८ मध्ये त्याला हे नाव दिले. त्याच्या पायथ्याशी काळ्या बसाल्ट खडकात लाटांनी कोरलेल्या घळी आहेत. भरतीच्या वेळी लाट आत शिरली की पाणी तोफेसारखा आवाज करून उंच उसळते. बसाल्ट म्हणजे ज्याने आपला सह्याद्री घडला तोच खडक. मात्र तेथील लाव्हारस सह्याद्रीच्या मानाने पुष्कळ अलीकडचा आहे.

या किनाऱ्यावर नद्यांची मुखे फार. पूर्वी प्रत्येक मुखाशी नाव लागे व मोटारी नावेवर चढवाव्या लागत. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात बेकारांना काम मिळावे म्हणून शासनाने पैसा दिला, आणि काँडी मॅकलॉ या अभियंत्याच्या आराखड्यांनुसार पाच मोठे पूल १९३६ मध्ये पुरे झाले. न्यूपोर्टजवळील याक्विना पुलाची कमान पाहून हे काम हलाखीच्या दिवसांत झाले असेल असे वाटत नाही. पण समुद्राच्या खाऱ्या हवेने क्षार काँक्रीटमध्ये शिरतात व आतील लोखंडी सळया गंजू लागतात. पाचांपैकी एक पूल असा खराब झाला की १९९१ मध्ये त्याच्या जागी नवा बांधावा लागला. उरलेल्यांपैकी काहींवर जस्ताचा पातळ थर फवारून त्यातून सळयांकडे क्षीण विद्युत्प्रवाह सोडला आहे. त्यामुळे झिजायचे ते जस्त झिजते, लोखंड वाचते.

न्यूपोर्टच्या पुढे जागोजागी निळ्या पाट्या दिसतात. त्यांवर उंच लाट आणि टेकडीकडे धावणारा माणूस काढलेला असतो. मुक्कामाच्या छावणीतही असा नकाशा लावलेला असतो, आणि तो पाहिल्यावाचून झोपू नये. या किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळाशी भूकवचाचा एक खंड दुसऱ्याखाली सरकत आहे. २६ जानेवारी १७०० च्या रात्री तो एकाएकी घसरला व फार मोठा भूकंप झाला. त्या काळी येथे लेखनाची परंपरा नव्हती. मग ही तारीख कशी कळली? जपानमधील किनाऱ्यावरच्या गावांत त्या सुमारास एक मोठी लाट आल्याच्या नोंदी होत्या, परंतु तिच्याआधी जमीन हादरली नव्हती. जपानी लोक तिला पोरकी लाट मानीत. इकडे शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात खाऱ्या दलदलीत उभी मेलेली देवदारवर्गीय झाडे आढळली. त्यांच्या खोडातील वलये मोजली, तेव्हा ती १६९९ च्या हंगामानंतर आणि १७०० च्या हंगामापूर्वी मेली असे ठरले. जमीन खचून त्यांच्या मुळांशी खारे पाणी आले होते. दोन महासागरकाठांवरील पुरावे असे एकत्र आले, आणि पोरक्या लाटेची आई सापडली. मूळ रहिवाशांच्या कथांत तर जमीन हालल्याचे व समुद्र चढल्याचे वर्णन पिढ्यान्पिढ्या होतेच. ऐकणाऱ्यांनी ते फार उशिरा मनावर घेतले. मार्गावर पुढे नेस्कोविन येथे ओहोटीच्या वेळी वाळूतून जुन्या झाडांची बुंधे वर येतात. ती याहूनही जुनी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत.

लाट नेहमी जवळच्याच भूकंपाने येते असे नाही. २७ मार्च १९६४ रोजी अलास्कात भूकंप झाला, आणि त्याची लाट काही तासांनी रात्रीच्या अंधारात येथवर पोहोचली. बेव्हर्ली बीच येथे किनाऱ्यावर मुक्कामास उतरलेल्या एका कुटुंबातील चार मुले तीत वाहून गेली. दूरच्या भूकंपाची सूचना आता भोंगा वाजवून देता येते. जवळच्या भूकंपात तेवढा अवधी नसतो. लाट अर्ध्या तासाच्या आत येऊ शकते. तेथील नियम असा, की जमीन जोराने हादरली तर ती थांबताच पायी टेकडीकडे निघावे. मोटारघर चालू करू नये. रस्ते भेगाळलेले किंवा तुंबलेले असणार. ज्याचे घरच चाकांवर आहे त्याला अशा वेळी ते मागे सोडून जावे लागते.

लिंकन सिटीच्या परिसरात सप्टेंबर २०२० मध्ये वणव्याने शेकडो घरे जाळली. त्या वर्षी राज्यात इतरत्रही असेच झाले, आणि अनेक कुटुंबांनी पुढील हिवाळा अशाच गाड्यांतून काढला. हौशी प्रवाशाला जी जागा आटोपशीर व गमतीची वाटते, तीच जागा दुसरे घर नसणाऱ्यास किती तोकडी पडत असेल, याची कल्पना कोणासही करता येईल.

टिलामुकच्या आसपास पुन्हा शेती भेटते, पण ती निराळी. भरपूर पाऊस, ओली कुरणे आणि काळ्या-पांढऱ्या गाई. येथील दुधाचे चीज करून विकण्यासाठी शेतकऱ्यांनी १९०९ मध्ये स्थापलेला सहकारी संघ आजही चालू आहे. वर्षातून काही वेळा नद्यांना पूर येतो, तेव्हा गाई उंचवट्यांवर न्याव्या लागतात.

पुढे हग पॉइंट नावाचे एक भूशिर समुद्रात घुसले आहे. त्याच्या अंगात कोरलेली एक अरुंद वाट दिसते. महामार्ग होण्यापूर्वी किनाऱ्याची वाळू हाच येथील रस्ता होता. घोडागाड्या ओहोटीची वाट पाहत आणि मग ओल्या घट्ट वाळूवरून धावत. भूशिरापाशी अडू नये म्हणून खडक फोडून ही वाट केली होती. याच गोष्टीचा आधार घेऊन राज्यपाल ऑस्वाल्ड वेस्ट यांनी १९१३ मध्ये भरती-ओहोटीच्या मधला सारा किनारा सार्वजनिक रस्ता म्हणून घोषित करविला. रस्ता कोणी विकत घेऊ शकत नाही; म्हणून किनाराही कोणाच्या मालकीचा होऊ शकेना.

पण या घोषणेत एक फट राहिली होती. ओल्या वाळूच्या वरची कोरडी वाळू तीत आली नव्हती. १९६६ मध्ये कॅनन बीच येथील एका विश्रामगृहाच्या मालकाने आपल्यासमोरची कोरडी वाळू अडविली आणि तेथे केवळ आपल्याकडे उतरणाऱ्यांनी बसावे असे ठरविले. लोक खवळले. समुद्र कोणाचा, हा प्रश्न विधिमंडळात आला. विरोध मोठा होता. विधेयक समितीतच कुजेल अशी चिन्हे दिसत होती. तेव्हा राज्यपाल टॉम मॅकॉल मे १९६७ मध्ये हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यासोबत मोजणीदार व शास्त्रज्ञ होते. हद्द कोठे असावी हे त्यांनी वाळूत खुणा करून वार्ताहरांना प्रत्यक्ष दाखविले. दुसऱ्या दिवसापासून पत्रांचा पाऊस पडला आणि ६ जुलै १९६७ रोजी कायदा झाला. समुद्रापासून झाडोरा सुरू होतो तेथपर्यंतच्या वाळूवर सर्वांचा हक्क त्याने मान्य केला. प्रकरण पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की मूळ रहिवाशांपासून आजतागायत लोक ही वाळू अखंड वापरीत आले आहेत, आणि अशी रूढी हाच हक्क होय. ज्यांची जमीन विचारल्यावाचून वाटली गेली, त्यांच्याच वहिवाटीची साक्ष किनारा वाचविताना उपयोगी पडली.

त्यामुळे आज प्रवासी कॅनन बीचवर कोणालाही न विचारता वाळूवर जातो. समोर सुमारे ७२ मीटर उंचीचा हेस्टॅक खडक उभा असतो. वसंतात त्यावर पफिन नावाचे नारिंगी चोचीचे पक्षी घरटी करतात. ओहोटीला खडकाच्या पायथ्याशी डबक्यांत तारामासे दिसतात. त्यांना उचलण्यास मनाई आहे.

शेवटचा मुक्काम अॅस्टोरिया. येथे कोलंबिया नदी समुद्रास मिळते. तिच्या मुखावरचा साडेसहा किलोमीटर लांबीचा पूल १९६६ मध्ये खुला झाला. किनाऱ्यावर १९०६ साली फुटलेल्या पीटर आयरडेल या जहाजाचा गंजलेला सांगाडा वाळूत उभा आहे आणि मुले त्याच्या फासळ्यांतून धावतात. एके काळी या गावात लाकडाची मोठी वखार होती व तीत पंजाबातून आलेले अनेक हिंदी मजूर ओंडके चिरीत. त्यांच्यासमोर १९१३ मध्ये येथे सभा झाली आणि त्या चळवळीचा पाया घातला गेला, जी पुढे ‘गदर’ या नावाने प्रसिद्धीस आली. सोहनसिंग भकना तिचे अध्यक्ष झाले. लाला हरदयाळ तिचे प्रमुख प्रचारक होते. आणि कॉर्व्हॅलिसला शेती शिकलेले खानखोजे तिच्या आद्य कार्यकर्त्यांपैकी एक होते. २०१३ मध्ये अॅस्टोरियाच्या नागरिकांनी या घटनेची शताब्दी साजरी केली. नदीकाठच्या रस्त्यावर आज मोटारघरे ओळीने उभी असतात. वखार केव्हाच जळून गेली आहे; नदीच्या पात्रात जुन्या धक्क्यांचे लाकडी खांब तेवढे दिसतात, आणि त्यांवर पाणकावळे पंख वाळवीत बसतात.